पान्सुलचं गळकं यंत्र

"गावात कुणाचं काही चांगलं झालं नाही, की माझं यंत्र गळायला लागतं."

हे वाक्य बांग पान्सुल एकदा माल्सुनच्या पार्लरच्या पायरीवर बसून बोलला. आत तीन बायका केसांना गुंडाळ्या लावून बसल्या होत्या. प्रत्येकीला वाटलं, हा आपल्याच घराबद्दल बोलतोय.

पान्सुलचं दुकान दोल्मोरीच्या तिठ्यावर, पार्लरच्या बरोबर वर. तो शिक्के कोरतो, दुकानांच्या पाट्या करतो आणि मुख्य म्हणजे कापडी फलक छापतो. आमच्या गावात कुणाची मुलगी डॉक्टर झाली, कुणाचा नातू सैन्यात अधिकारी झाला, की तिठ्यावरच्या दोन खांबांमध्ये तिचा किंवा त्याचा फलक लागतो. वर अभिनंदन, मध्ये बापाचं नाव, मग मुलाचं नाव, खाली समस्त गावकरी. त्या दिवशी बापानं काहीच माहीत नसल्यासारखं वागायचं असतं. सकाळी सहज म्हणून तिठ्यावर यायचं, मान वर करायची आणि "हे कुणी केलं? कशाला एवढं?" असं म्हणत सगळ्यांना मक्कॉली, म्हणजे तांदळाची दारू, पाजायची. फलकाखाली शिडी धरून बाप उभा दिसला, तर गाव त्याला वर्षभर सोडत नाही.

पान्सुलनं असे शेकडो बाप तिठ्यावर मान वर करताना पाहिले आहेत. तो तेव्हा शिडीवर असतो.

एकोणिसाव्या वर्षी तो जिल्ह्याच्या गावी सिनेमाचे फलक रंगवणाऱ्याकडे शिकायला गेला. चेहरे त्याला जमेनात. त्यानं काढलेली नायिका आणि तिचा सासरा एकाच आईची लेकरं वाटत. अक्षरं मात्र अशी काढायचा, की लांबून वाचताना माणूस पावलं हळू करायचा. तेवढ्या भांडवलावर तो गावी परतला आणि पुढली अनेक वर्षं कुंचल्यानं कापडावर लोकांची सुखं लिहीत राहिला. बावीस वर्षांपूर्वी त्यानं छपाईचं यंत्र आणलं. माणूस आडवा होऊन हातपाय ताणेल एवढं रुंद. ते वर चढवायला आठ माणसं लागली. त्याच दिवशी त्याच्या आईनं, ओक्बुन आजीनं, यंत्राच्या उजव्या टोकाला मागच्या बाजूनं शकुनाचा म्हणून एक वाळवलेला मासा टांगला, त्याला पांढऱ्या दोऱ्याचे वेढे दिले, यंत्राच्या चारही पायांशी थोडी थोडी मक्कॉली ओतली आणि यंत्राला सांगितलं, "नीट वाग."

पहिली दहा-बारा वर्षं ते नीट वागलं. तेव्हा शाळेत मुलं होती, मुलं शहरात जात होती आणि शहरातून त्यांच्या बातम्या येत होत्या. फलकांचा मजकूर मी लिहून द्यायचो, कारण शाळेत मी भाषा शिकवायचो. मग शाळेत सात मुलं उरली. मग शाळाच उरली नाही. ज्यांची मुलं व्हायची ती डॉक्टर होऊन झाली होती, आणि आता त्यांच्या मुलांचे फलक दुसऱ्याच कुठल्या तरी शहरात, दुसऱ्याच तिठ्यावर लागत असणार, किंवा तिथे तिठेच नसतील.

अशा यंत्राचा स्वभाव गाईसारखा. रोज दूध काढावं लागतं. चार रंगांची शाई सुईच्या टोकाहून बारीक छिद्रांतून कापडावर येते. चार दिवस छापलं नाही, की शाई छिद्रात वाळते. ती वाळू नये म्हणून यंत्र काम नसतानाही अधूनमधून आपणहून जागं होतं, घसा खाकरतं, चारही रंगांचा एकेक घोट ओढतं आणि खालच्या बाटलीत थुंकतं. पूर्वी ती बाटली वर्षातून एकदा रिकामी करावी लागे. मग महिन्यातून एकदा. कापडावर एकही अक्षर न उमटता शाई संपायला लागली. पान्सुल समोर खुर्ची टाकून बसायचा आणि यंत्राचं खाकरणं ऐकायचा. बोलायला काहीच नसलेला माणूस दुसऱ्या खोलीत सारखा खाकरत राहतो, तसं ते वाटायचं.

शेवटी त्यानं कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसानं विचारलं, यंत्र रोज वापरता का?

"रोज काय वापरू?" पान्सुल म्हणाला. "रोज कोण पास होतं?"

तिकडचा माणूस म्हणाला, काहीही छापा, छोटं छापा, पण रोज छापा.

तिथून पान्सुल बिघडला. त्याला रिकामी पट्टी किंवा रंगांचे चौकोन छापता आले असते. पण ज्या हातांनी आयुष्यभर अभिनंदन लिहिलं त्यांना रंगाचे चौकोन कसे पटावेत? तो गावात चांगल्या बातम्या शोधत फिरायला लागला. दिसेल त्याला थांबवायचा आणि विचारायचा, "घरी काही चांगलं?" आधी लोक हसले. मोक आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन पार पडलं, त्याचा फलक लागला तेव्हा आजीनं त्याच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला. गिलच्या गाईला जुळं झालं, त्याचा फलक लागला. टपालवाल्यानं सिगारेट सोडून शंभर दिवस झाले, म्हणून त्याचा लागला, आणि एकशे तिसऱ्या दिवशी तो आपल्याच फलकाच्या सावलीत सिगारेट ओढताना सापडला. तिसऱ्या महिन्यात लोक पान्सुलला पाहून रस्ता ओलांडायला लागले. घरी काही चांगलं, या प्रश्नाला रोज उत्तर द्यायचं म्हणजे रोज आपलं घर तपासायचं. कुणाला हवंय ते?

एका दुपारी बसचा ड्रायव्हर फलक वाचण्यात गुंगला, वळण चुकला आणि रस्त्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांवरून बस गेली. मिरच्या तीन घरांच्या होत्या. गावप्रमुख प्यो दॉक्चिल वर आला. दोघं एकाच वर्गातले, त्यामुळे बोलणं साधंच झालं.

"पान्सुल, हे बंद कर. गाव एवढं सुखी नाहीये."

फक्त एका वसंतात यंत्राची तब्येत ठणठणीत राहिली. डोंगरापलीकडे कुणी तरी चार हजार डुकरांचा गोठा बांधायला निघाला होता. दोन महिने पान्सुल रोज निषेधाचे फलक छापत होता. यंत्र एकदाही खाकरलं नाही. राग असो की आनंद, त्याला शाई सारखीच लागते, असं पान्सुल मला म्हणाला. गोठा रद्द झाला. गाव जिंकलं आणि यंत्र पुन्हा आजारी पडलं.

या वर्षी मात्र ते नुसतं खाकरून थांबलं नाही. ते खरोखरच गळायला लागलं.

गळायची फक्त किरमिजी शाई. निळी, पिवळी, काळी जागच्या जागी आणि किरमिजीची पिशवी पंधरा दिवसांत सपाट. पान्सुलनं यंत्राखाली वर्तमानपत्रं पसरली. ती कोरडीच राहिली. किमचीचा रिकामा डबा ठेवला. तो कोरडाच राहिला. शाई कुठे जाते ते त्याला कळेना. ते कळलं माल्सुनच्या पार्लरमध्ये. पार्लरमध्ये पूर्वी शेगडी होती आणि तिच्या धुराच्या नळीचं भोक वरच्या मजल्याच्या जमिनीत, भिंतीच्या कडेला तसंच राहिलं होतं. बरोबर त्या भोकाखाली पार्लरची दुसरी खुर्ची. पावसाळ्यातल्या एका दुपारी त्या खुर्चीवर गावप्रमुखाची बायको केसांना औषध लावून डोळे मिटून बसली होती. ती उठली तेव्हा तिच्या टाळूवर बशीएवढं गुलाबी फूल उमटलं होतं. औषधात मिसळून ते पक्कं झालं होतं. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावरच्या बायकांनी तिला विचारलं, हे शहरात करून आणलं का, आणि ती हो म्हणाली. पण दॉक्चिल ते विसरला नाही. जेवताना समोर बायकोचं डोकं असायचं.

माल्सुननं दुसरी खुर्ची सरकवली आणि भोकाखाली पातेलं ठेवलं. पातेल्यात थेंब पडला, की ती केरसुणीच्या दांड्यानं छत ठोकायची. वर पान्सुल जमिनीवर टाच आपटून उत्तर द्यायचा. गिऱ्हाइकांना वाटे ही दोघं भांडतात. ती भांडत नव्हती. त्या इमारतीत एकमेकांशी बोलणारी तेवढी दोघंच होती.

आता पान्सुलच्या मुलीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

सेबोम एकतीस वर्षांची. सरकारी नोकरीच्या परीक्षेला ती सहा वेळा बसली होती आणि सहा वेळा नापास झाली होती. ती ग्वांगजू शहरात राहून अभ्यास करायची. तिची आई तिच्याबरोबर राहून एका खानावळीच्या स्वयंपाकघरात काम करायची. इथे पान्सुल आणि ओक्बुन आजी. तिच्याबद्दल गावात कुणी विचारत नसे. विचारू नये एवढी समज आमच्याकडे आहे. पान्सुलही कधी काही बोलला नाही. पण पहिल्या वर्षी त्यानं माझ्याकडून तिच्या फलकाचा मजकूर लिहून घेतला होता आणि संगणकात मांडून ठेवला होता. त्यानंतर दर वर्षी निकालाच्या आधी तो फक्त वर्षाचा आकडा बदलायचा आणि यंत्र स्वच्छ करून तयार ठेवायचा. निकाल लागायचा. यंत्र बंद व्हायचं. त्या दोन-तीन दिवसांत मी वर जात नसे.

म्हणजे लोकांच्या गुडघ्यांचे आणि गाईंचे फलक तो कशासाठी छापत होता, हे मला माहीत होतं. त्याला त्या यंत्रातून एकच फलक काढायचा होता. तो निघेपर्यंत त्याला यंत्र मरू द्यायचं नव्हतं.

सातव्या वेळी सेबोम पास झाली. बुधवारी दुपारी फोन आला. पान्सुलनं फोन ठेवला, खाली येऊन माल्सुनला सांगितलं आणि पार्लरच्या आरशासमोर उभं राहून स्वतःकडे बघत राहिला. माल्सुन म्हणाली, रडायचंय तर वर जाऊन रड, इथे गिऱ्हाइकं आहेत. ती स्वतः तोवर टॉवेलमध्ये रडत होती.

शनिवारी अकराच्या बसनं सेबोम आणि तिची आई येणार होत्या. त्या बुधवारीच संध्याकाळी दॉक्चिल गावातर्फे फलक सांगायला वर आला. जिना चढून, टोपी काढून, रीतसर. पान्सुलनंही रीतसर "कशाला एवढं" म्हटलं आणि दॉक्चिलची पाठ वळताच यंत्र चालू केलं.

तपासणीची पट्टी छापली. निळ्या रेषा सरळ. पिवळ्या सरळ. काळ्या सरळ. किरमिजीच्या जागी तुटलेली कुसळं. अभिनंदन नेहमी लाल अक्षरांत असतं आणि किरमिजीशिवाय लाल होत नाही. पान्सुलनं यंत्राला घसा साफ करायला लावलं. बाटली भरली, पिशवी अर्धी झाली, रेषा तुटलेल्याच. पुन्हा साफ. अजूनच तुटल्या. खालून माल्सुननं छत ठोकलं.

गुरुवारी त्यानं नळी बदलली. छपाईचं हेड काम संपल्यावर उजव्या टोकाला एका रबरी टोपीवर जाऊन बसतं. टोपी घट्ट बसली तर छिद्रं ओली राहतात. त्यानं ती टोपी औषधानं धुतली. पुसणारी रबराची पट्टी नवी लावली. यंत्र तिरकं असेल म्हणून पायाखाली पत्त्यांची चळत सारली. आता यंत्र थोडं डावीकडे झुकलं आणि पान्सुल थोडा उजवीकडे. कंपनीला फोन केला. तिकडून सांगितलं, माणूस येईल, पुढच्या गुरुवारी येईल.

शुक्रवारी दुपारी दॉक्चिल पुन्हा वर आला. आता टोपी डोक्यावरच होती. त्याचं म्हणणं असं, की फलक गावाचा आहे, गावाची अब्रू आहे, जिल्ह्याच्या दुकानात फोन केला तर संध्याकाळपर्यंत फलक बसनं येईल. तिथलं यंत्र दिवसरात्र चालतं, गळत नाही.

बावीस वर्षं ज्यानं गावातल्या प्रत्येक बापाचं नाव छापलं, त्याचं स्वतःचं नाव जिल्ह्याहून बसनं येणार, कोबीच्या पोत्यांबरोबर.

मी म्हटलं, हातानं लिही. तुझं अक्षर अजून चांगलं आहे.

"गुरुजी," तो म्हणाला, "हातानं लिहिलेला फलक आता फक्त मोर्चाला असतो. लोक म्हणतील बापाचा विरोध आहे."

दॉक्चिलनं दुपारी चारपर्यंतची मुदत दिली आणि तो खाली पार्लरमध्ये जाऊन बसला. बायकोला घरी न्यायचं होतं. तिच्या डोक्यावरचं गुलाबी फूल काळं करायचं काम शेवटी आज चाललं होतं. शेजारच्या खुर्चीवर ओक्बुन आजी होती. नात येणार म्हणून तिला केस कुरळे करून हवे होते. वय सत्त्याऐंशी, केस मोजता येतील इतके, पण माल्सुननं प्रत्येकाला वेगळी गुंडाळी लावली होती.

पातेल्यात थेंब पडला. माल्सुननं छत ठोकलं नाही. ती पातेल्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं केस धुवायच्या बेसिनकडे पाहिलं. मग ती जिन्यानं वर आली. हातात टॉवेल, पायात पार्लरच्या सपाता.

"दादा, तुझ्या यंत्रात कुठे टॉवेल लोंबतोय का?"

पान्सुल जमिनीवर उताणा पडून यंत्राच्या पोटात बघत होता. तो म्हणाला, यंत्रात टॉवेल कशाला असेल?

माल्सुन म्हणाली, घाईत तिच्याकडून कधी बेसिनमध्ये टॉवेलचं टोक राहतं आणि बाकीचा टॉवेल बाहेर लोंबत असतो. सकाळी येऊन बघावं तर बेसिन रिकामं आणि फरशीवर तळं. नळ गळत नाही, बेसिन फुटलेलं नाही. टॉवेल पाणी चढवून बाहेर नेतो आणि खाली सोडतो. "तुझी शाई यंत्राखाली नाही, मागे पडते. म्हणजे कुणीतरी तिला उचलून मागे नेतंय."

पान्सुल उठून बसला. यंत्राच्या मागे, भिंतीच्या आणि यंत्राच्या फटीत, त्यानं बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणजे रोज पाहिलं होतं. तिथे आईचा मासा होता. सवयीची वस्तू डोळ्यांना दिसत नाही, डोळे तिला वळसा घालून पुढे जातात. घरातल्या माणसांचंही तेच होतं.

आम्ही तिघांनी यंत्र वीतभर ओढलं.

मासा शेपटीपर्यंत किरमिजी झाला होता. आणि शेपटीच्या टोकाला एक थेंब फुगत होता. आम्ही बघत असतानाच तो सुटला, शेगडीच्या भोकातून खाली गेला, आणि खालून पातेल्याचा आवाज आला.

दोऱ्याचे वेढे माशावरून निघून यंत्राच्या बाजूच्या फटीत शिरले होते. पान्सुलनं झाकण काढलं. दोरा सरळ आत, रबरी टोपीच्या कडेवर, शाईच्या खपलीत मुरून बसला होता. बरोबर किरमिजीच्या रांगेखाली. टोपी धुताना पान्सुलनं त्याला वाळकी शाई समजून तसंच पुसलं होतं. टोपी त्याच्यामुळे घट्ट बसत नव्हती. तिथून दोरा शाई ओढत होता, माशापर्यंत नेत होता आणि मासा ती गावप्रमुखाच्या बायकोच्या डोक्यावर सोडत होता.

पान्सुलनं कात्री घेतली.

"पान्सुल्या, दोऱ्याला हात लावलास तर बघ."

ओक्बुन आजी दारात उभी होती. डोक्यावर गुंडाळ्या, गळ्यात पार्लरचं प्लॅस्टिक, आणि तिच्या मागे जिन्यावर धापा टाकत दॉक्चिल.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मासा टांगला तेव्हा दोरा बाहेरच्या बाहेर होता. पण या वर्षी, नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला, आजीनं दोऱ्याची पूर्ण नवी लड माशाला गुंडाळली होती. नातीच्या परीक्षेसाठी. आणि नशीब नुसतं बाहेर लटकून काय उपयोग, म्हणून तिनं दोऱ्याचं टोक फटीतून यंत्राच्या पोटात सोडलं होतं. फलक याच पोटातून यायचा होता ना?

पान्सुलनं आईला समजावलं, की या दोऱ्यानं यंत्र बिघडलं.

"पोरगी पास झाली का नाही?"

"झाली."

"मग दोऱ्यानं काम केलं."

सहा वर्षं दोरा बाहेर होता, सहा वेळा ती नापास झाली. सातव्या वर्षी दोरा आत गेला. मी भाषा शिकवायचो, तर्क शिकवायचा मास्तर वेगळा होता आणि तो केव्हाच बदली होऊन गेला.

दॉक्चिल म्हणाला, "आजी, पास झाली आता. कापला तर काय बिघडलं?"

"नेमणुकीचं पत्र यायचंय अजून. तू का रे मध्ये बोलतोस? तुझ्या थोरल्याचा फलक लागला तेव्हा दोरा कुणाचा होता?"

दॉक्चिलनं टोपी काढली.

साडेतीन झाले होते. पान्सुल कात्री हातात घेऊन उभा होता. एका बाजूला त्याचं यंत्र, दुसऱ्या बाजूला त्याची आई, आणि दोघांची नाडी एकाच दोऱ्यात. मला वाटलं हा कापणार. त्याच्या तोंडावर ते होतं. माल्सुनलाही वाटलं असावं, कारण ती पुढे झाली, त्याच्या हातातून कात्री काढून तिनं आपल्या खिशात टाकली, जशी ती पार्लरमध्ये आलेल्या पोरांच्या हातून काढते, आणि आजीला म्हणाली, कापायचा कशाला? गुंता सोडवायचा धंदा आहे माझा. तुम्ही टोक धरा.

मग त्या दोघींनी तो दोरा सोडवला. माल्सुननं लांब दांड्याच्या बारीक फणीनं आणि केस धुवायच्या औषधानं टोपीवरची खपली मऊ केली. आजी जमिनीवर बसून आपल्या हाताच्या पंजावर दोरा गुंडाळत गेली. ती तो ओढत नव्हती, येऊ देत होती. पाऊण तास गेला. चार वाजून गेले. दॉक्चिलनं घड्याळ पाहिलं, आजीनं दॉक्चिलकडे पाहिलं, त्यानं घड्याळाचा हात मागे घेतला. खाली त्याची बायको काळं औषध लावून एकटीच बसली होती. ठरल्याहून बराच वेळ ते डोक्यावर राहिलं, आणि नंतर तिचे केस इतके काळे झाले, की त्यात ती आपल्याच लग्नाच्या फोटोसारखी दिसायला लागली.

दोरा अखंड निघाला. अर्धा पांढरा, अर्धा किरमिजी. आजीनं तो उजेडात धरून पाहिला आणि लाल झाला म्हणजे आता जास्त लागू पडेल, असं ठरवून टाकलं. मासा तिनं यंत्रापासून लांब, दाराच्या चौकटीवर टांगला. खाली पातेलं ठेवलं. बोटं किरमिजी झाली होती, ती प्लॅस्टिकला पुसली.

पान्सुलनं टोपी पुसली, हेड त्यावर बसवलं आणि अर्धा तास कशालाही हात न लावता खुर्चीवर बसून राहिला. मग त्यानं तपासणीची पट्टी छापली. निळ्या सरळ, पिवळ्या सरळ, काळ्या सरळ. किरमिजीत दोन रेषा तुटलेल्या. पुन्हा छापली. एक. पुन्हा. एकही नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता आम्ही सगळे वर जमलो. यंत्र चालू झालं. हेड डावीकडून उजवीकडे जायचं, परत यायचं, आणि प्रत्येक फेरीला कापड बोटभर पुढे सरकायचं. पान्सुल खाली वाकून प्रत्येक फेरीकडे बघत होता. अभिनंदन हे लाल अक्षरांत सरकत आलं. मग काळ्यात त्याचं स्वतःचं नाव यायला लागलं. बांग. त्यानं मान दुसरीकडे वळवली. तोपर्यंत पान्सुलही आलं होतं.

आजीला वाचता येत नाही. ती म्हणाली, "गुरुजी, मोठ्यानं वाच."

मी वाचलं. अभिनंदन! बांग पान्सुल यांची कन्या बांग सेबोम सरकारी सेवेच्या परीक्षेत यशस्वी. समस्त दोल्मोरी गावकरी.

"माझं नाव नाही?"

तुमचं नाव नसतं आजी, फक्त बापाचं असतं, असं मी म्हटलं. तिनं मान हलवली. चालायचंच. दोऱ्याला कुठे नाव असतं, एवढं म्हणून तिनं ते सोडून दिलं.

शाई वाळेपर्यंत फलक तारेवर लटकत राहिला. मग पान्सुलनं तो उतरवला, दोन्ही टोकांना दोऱ्यांसाठी भोकं पाडली, काठ्या शिवल्या आणि गुंडाळी केली. दहा वाजले. दॉक्चिल पुढे झाला आणि त्यानं हात पुढे केला. त्यानं बरोबर गिलला आणि टपालवाल्याला आणलं होतं. दोघं खाली उभे होते.

"दे इकडे," तो म्हणाला. "आम्ही लावतो. तू घरी जा, दाढी कर, साडेदहाला सहज फिरत फिरत ये. आणि आलास की काय म्हणायचं ते माहितीये ना?"

पान्सुलनं खिडकीतून खाली पाहिलं. त्या दोघांना तो चांगलाच ओळखत होता. दॉक्चिलच्या थोरल्याच्या वेळी पान्सुल तापानं पडला होता आणि या दोघांनीच तो फलक लावला होता. डावं टोक हातभर खाली. मुलाचं नाव उतारावरून घसरत गेल्यासारखं दिसत होतं, आणि तो तसाच महिनाभर लोंबकळला.

दॉक्चिल पुढे बोलत राहिला. स्वतःच्या पोरीचा फलक बापानं लावायचा नसतो, गाव हसेल, आजी तुम्ही तरी सांगा. आजी कुरळ्या केसांवरून हात फिरवत राहिली. माल्सुन दारातून बाजूला सरकली.

पान्सुलनं फलक काखेत धरला. कोपऱ्यातली शिडी खांद्यावर घेतली. दाराशी आल्यावर माशाला धक्का लागू नये म्हणून थोडा वाकला, आणि जिना उतरून तिठ्याकडे निघाला.